सुंदराचं मत

सोलापूर
१७ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप अण्णांस,
सुंदराचे शरणु.

दिवाळीचं पत्र पोचलं असेल. त्याच्यामागून लगेच हे दुसरं आलं म्हणून दचकू नका, अव्वा बरी आहे. सणावाराच्या चार ओळींपलीकडे आपण एकमेकांना काही लिहीत नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

आमचे प्राचार्य मार्चअखेर निवृत्त होत आहेत. परवाच्या पेपरात जाहिरात आली. कापून सोबत पाठवली आहे. तुम्ही अर्ज करावा.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. ज्या कॉलेजानं कन्नडचा विभाग बंद करून तुम्हाला धारवाडला घालवलं, त्याच्या दारात पुन्हा उभं राहायचं कशाला. पण तेव्हाची माणसं आता नाहीत. संस्थेचे अध्यक्ष सिद्धाप्पा शेट आहेत, सुताचे व्यापारी. दोनदा मला थांबवून म्हणाले, "शिवयोगी मास्तर येतील का विचारा की. आपला माणूस हाय, विद्वान हाय."

आणि इथं तुमची गरज आहे. अकरावी-बारावी वेगळी करून कॉलेजाचं पहिलं वर्ष तिकडं न्यायचं सरकारनं ठरवलंय. ती मुलं गेली की आर्ट्सचे निम्मे तास जातील. स्टाफरूममध्ये उघड बोलतात, आधी संस्कृत जाणार का माझं तत्त्वज्ञान. मी हसते आणि वर्गावर जाते. वर्ग सुटला तरी हल्ली एका जागी बसवत नाही, व्हरांड्यात फेऱ्या मारते. ज्याला या विषयांची किंमत कळते असा कुणीतरी त्या खुर्चीत हवा. मला तुमच्याखेरीज दुसरं नाव सुचत नाही.

अव्वाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती आजच खोली झाडायला घेईल.

आपली,
सुंदरा


सोलापूर
२१ डिसेंबर १९७४

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

अर्ज पोचल्याचं ऑफिसात कळलं. घरी येऊन अव्वाला सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे शिवू हितंच ऱ्हाणार?" मी म्हटलं, निवड व्हायची आहे अजून. ते तिच्या कानात शिरलं नाही. पुढच्या खोलीला चुना लावून झाला.

एक अडचण उभी राहिली आहे. निवड समितीवर प्राध्यापकांचा एक प्रतिनिधी असतो, आणि यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी शेटजींना म्हटलं, उमेदवार माझा सख्खा भाऊ आहे, मी बाजूला होते. ते म्हणाले, "बाई, घरचं कार्य असलं की घरचं माणूस बाजूला बसतंय व्हय?" मी पुन्हा लेखी दिलं. विद्यापीठाकडून येणाऱ्या सदस्यांनी हरकत नसल्याचं कळवलं. तेव्हा मी समितीत आहे. तुम्हाला यात संकोच वाटत असेल तर तसं कळवा, मी आजारपणाचं कारण काढून घरी बसेन.

इतर अर्जांतला लक्षात घ्यावा असा एकच. डॉ. धुळाप्पा कोळेकर. रसायनशास्त्राचे. मंगळवेढ्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. अकलूजला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, मग कॉलेजात शिकवायला लागले. शेटजी म्हणतात, "साखर मोजणारा माणूस कॉलेज काय चालवणार."

थंडी यंदा बरी आहे. मफलर आणा.

सुंदरा


सोलापूर
२६ जानेवारी १९७५

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

मुलाखतीहून परतताना स्टेशनवर तुम्ही विचारलंत, "कशी झाली?" मी म्हटलं, छान झाली. गाडी सुटेपर्यंत आपण अव्वाच्या गुडघ्यांबद्दल बोललो. तेव्हापासून मन स्वस्थ नाही, म्हणून लिहिते.

शेटजींनी तुम्हाला विचारलं, आर्ट्सची पोरं कमी पडली तर काय करायचं. तुम्ही म्हणालात, "कमी पडू देत. वीसच असोत, पण वाचणारी असोत. मी इथं कन्नड आणि मराठीचं पदव्युत्तर केंद्र आणीन." मला इतकं बरं वाटलं की टेबलाखाली मी माझाच हात दाबला. लहानपणी तुम्ही मला हाताला धरून शाळेत नेलंत, अप्पांचा विरोध पत्करून धारवाडला शिकायला ठेवलंत, तो आवाज पुन्हा ऐकला असं वाटलं.

मग विद्यापीठाच्या सदस्यांनी सकाळच्या वर्गाबद्दल विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, "तो बंद करावा लागेल. रात्रपाळी करून पेंगत बसलेल्या माणसाला तत्त्वज्ञान शिकवणं हा त्याचाही अपमान आहे आणि विषयाचाही."

अण्णा, तो वर्ग तुम्ही गेल्यावर सुरू झाला, म्हणून तुम्हाला तो माहीत नाही. गिरणीतून सुटलेले येतात, मागावर बसायच्या आधी पूर्व भागातली विणकर मुलं येतात. राजमणी नावाची एक बाई आहे, घरी तेलुगू बोलते, विडी कारखान्यात पान-तंबाखू घ्यायला जायच्या आधी माझ्या तासाला बसते. पेंगतात हे खरं. पण मागच्या महिन्यात मी कर्मसिद्धान्त शिकवत होते, तर ती उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमचं कर्म आमी फेडतोय. मालकाचं कर्म कुठल्या जन्मात धरायचं?" वर्ग जागा झाला. दिवसाच्या वर्गात असा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. तिथली मुलं नोट्स मागतात.

कोळेकरांना तोच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "मला तुमचं तत्त्वज्ञान कळत न्हाय." मग स्वतःच "नाही" असं दुरुस्त केलं. पुढं म्हणाले, "आमच्या आईनं, मायाक्कानं, मला शाळेत बसवलं तेव्हा मीबी पेंगायचो. मेंढरामागं फिरलेलं पोरगं पेंगणारच. मास्तरांनी हाकललं नाही म्हणून इथवर आलो. सकाळचा वर्ग मी बंद करणार नाही." शेटजींनी टोकलं, मग आर्ट्सला पैसा कुठला? त्यावर ते म्हणाले, "सगळं टिकणार नाही. काही विषय जातील. कुठले, ते आज सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं होईल."

तुम्ही समितीला एक पत्र लिहा. सकाळच्या वर्गाबद्दल फेरविचार करीन, एवढं एक वाक्य पुरे. मी हे बहीण म्हणून मागते आहे.

सुंदरा


सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

तुमचं उत्तर मिळालं. "मत मिळवण्यासाठी मत बदलणारा माणूस तुला प्राचार्य म्हणून चालेल का?" हा तुमचा प्रश्न मी बऱ्याच वेळा वाचला. बरोबर आहे. नाही चालणार.

आज सभा झाली. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच लिहिते. मी तुम्हाला मत दिलं नाही.

शेटजी आणि एक विश्वस्त तुमच्या बाजूनं होते. विद्यापीठाचे सदस्य आणि दुसरे विश्वस्त कोळेकरांच्या. दोन-दोन. शेटजींनी पेढ्यांचा पुडा आधीच मागवून ठेवला होता. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, आता तुमचं तेवढं सांगून टाका." मी म्हटलं, "डॉक्टर कोळेकर." त्यांना वाटलं मी गडबडीत चुकीचं नाव घेतलं. "नीट ऐकलं न्हाई का बाई? आपण मास्तरांचं इचारतोय." मी पुन्हा तेच म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "रक्ताचं माणूस असून."

मी घरी सरळ गेले नाही. तळ्याच्या काठानं चालत राहिले, मग परत बाजारात आले, मग पुन्हा तळ्यावर. घरी अव्वानं विचारलं, तेव्हा म्हटलं, अण्णांना मिळालं नाही. कुणामुळं, ते सांगितलं नाही.

तुम्ही मला शिकवलंत म्हणून मी त्या टेबलाशी बसले होते, हे मला कळतं. तुमच्याइतका वाचलेला माणूस या शहरात नाही, हेही. तुमच्या हाताखाली वीस मुलं सोन्यासारखी तयार झाली असती. पण राजमणी त्या विसांत नसती, आणि मला रोज सकाळी तिच्या समोर जायचं आहे.

रागावून का होईना, लिहा.

सुंदरा


सोलापूर
३० जुलै १९७५

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

शिवरात्रीला पत्र नाही, अप्पांच्या तिथीला नाही. अव्वाला तुमचं पत्र येतं, शेजारच्या पंचाक्षरीकडून ती वाचून घेते. मी खोलीत गेले की तो थांबतो आणि पाणी मागतो.

तिला कळलं आहे. शेटजींच्या पत्नी गुरम्मा, त्यांनी देवळात सांगितलं. त्या दिवशी अव्वा घरी आली आणि माझं ताट वाढून ठेवून आत निजली. बरेच दिवस तिनं माझ्याशी कामापुरतं देखील बोलणं ठेवलं नाही. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुला शिकवू नको म्हनत होता तुझा बाप. शिवू भांडला." थोड्या वेळानं स्वतःच "होगली बिडु" म्हणाली. जाऊ दे म्हणाली खरं, पण जाऊ दिलेलं नाही.

शेटजींची सून माझ्या वर्गात होती, तिनं विषय बदलला. आपल्या माणसांच्या लग्नाकार्यात मी गेले तर बायका सरकून जागा देतात, आणि तेवढंच.

कोळेकर जूनपासून आले आहेत. सकाळचा वर्ग चालू आहे. पहिल्याच आठवड्यात ते मागच्या बाकावर येऊन बसले, तास संपल्यावर म्हणाले, "दिवे कमी हायत हितं." दुसऱ्या दिवशी दिवे आले. प्रयोगशाळेची नवी इमारतही उभी राहते आहे. दिवसभर खडी फोडल्याचा आवाज, खिडक्या लावून शिकवावं लागतं.

सध्याच्या दिवसांत इथं कुणी सभा घेत नाही, जास्त बोलतही नाही. स्टाफरूममध्ये माणसं चहात बघत बसतात. मला तर दोन पानं सलग वाचवत नाहीत. पुस्तक उघडते, उठते, गच्चीवर जाते, खाली येते. मी बरोबर केलं का, हा प्रश्न नाही. बरोबर केलं असेल तर असं का होतं, हा आहे.

सुंदरा


सोलापूर
९ एप्रिल १९७६

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

हे वाचून तुम्हाला समाधान वाटलं तरी माझी हरकत नाही.

जूनपासून बी.ए.ला तत्त्वज्ञान हा विशेष विषय राहणार नाही. आज नोटीस लागली. दोन दिवस आधी कोळेकरांनी मला बोलावून सांगितलं होतं. मी उभीच राहिले. त्यांनी बसा म्हटलं, मी बसले नाही.

मी म्हटलं, "तुमच्यासाठी मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे."

ते म्हणाले, "माहीत आहे."

"मग माझाच विभाग?"

"तास कमी झाल्यावर एक विषय जाणार होता. संस्कृतच्या बाईंना दुसरीकडं कुठं घेणार नाहीत, तुम्हाला आपल्याच ज्युनियर कॉलेजात अकरावीला तर्कशास्त्राचे तास आहेत. नोकरी कुणाची जाऊ नये, एवढं बघितलं." मग म्हणाले, "बाई, मी सकाळच्या वर्गाचा शब्द दिला होता. तुमच्या विभागाचा दिला नव्हता."

खरं होतं. मला त्यांचा राग त्या खरेपणाचाच आला. मी म्हटलं, "भाऊ इथं असता तर हे झालं नसतं." ते शांतपणे म्हणाले, "नसतं झालं. त्यांनी सकाळचा वर्ग बंद केला असता." मी निघाले तर दारापर्यंत आले. "मला त्या विषयातलं कळत नाही, म्हणून मी तो सहज मोडला असं समजू नका. सह्या करताना हात जड झाला."

सकाळच्या वर्गात तत्त्वज्ञान सामान्य विषय म्हणून राहील, आठवड्यातून दोन तास. दिवसाच्या वर्गात काहीच नाही. राजमणी आणि तिच्याबरोबरचे तिघंजण विशेषची परीक्षा देतील, ती शेवटची. माझ्या खोलीबाहेरची पाटी आज दुपारी काढली. काढणाऱ्या ईरप्पा शिपायानं विचारलं, "बाई, घरी नेता का?" मी नको म्हटलं आणि मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, तोवर तो गेला होता.

तुम्ही प्राचार्य असतात तर माझा विभाग राहिला असता, अण्णा. मी त्या दिवशी हे जाणूनच मत दिलं, असं आज म्हणता आलं तर बरं वाटेल. पण खरं सांगायचं तर, जाईल ते दुसऱ्या कुणाचं जाईल असं मला वाटलं होतं.

सुंदरा


सोलापूर
१९ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

अकरावीला तर्कशास्त्र शिकवते. भला मोठा वर्ग, मागची रांग एकमेकांच्या वेण्या ओढते. पहिल्या महिन्यात मी रोज घरी येऊन नोकरी सोडायचं ठरवत होते. आता निदान सकाळी ठरवत नाही.

राजमणी बी.ए.ला सेकंड क्लासमध्ये पास झाली. निकाल बघायला ती सासूला घेऊन आली होती. सासू मला तेलुगूत काही म्हणाली, राजमणीनं सांगितलं, "विचारतेत, आता हिला पगार वाढणार का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मीबी तेच सांगितलं. तरी आल्या." आता ती एम.ए.चं विचारते आहे. त्यासाठी कोल्हापूरला जावं लागेल. ते तिला जमणार नाही हे आम्हा दोघींनाही दिसतं. म्हणून ती अजून माझ्या सकाळच्या तासाला येऊन बसते, नाव पटावर नसताना.

पण लिहायला बसले ते वेगळ्यासाठी.

यंदा सकाळच्या वर्गात अक्कलकोटकडचे बरेच आहेत. गिरणीत कामाला आलेले, घरी कन्नड बोलणारे. त्यातला कल्लप्पा नावाचा एकजण मला म्हणाला, "बाई, आमी मराठीत परीक्षा देतो, कन्नडात भांडतो. कन्नड वाचायला मात्र येत न्हाय." मी कोळेकरांकडं गेले. एप्रिलनंतर पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं. म्हटलं, सकाळच्या वर्गात कन्नड हा विषय सुरू करा. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "विद्यापीठाची परवानगी मी आणतो. पण माणूस? पूर्ण पगाराची जागा मिळणार नाही, तासावर मानधन मिळेल."

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. त्यांनीच विचारलं, "तुमचे बंधू मार्चला निवृत्त होतायत ना?"

मी म्हटलं, ते येणार नाहीत. आणि आले तरी मला विचारायचं तोंड नाही.

ते म्हणाले, "मग मी विचारतो. मुलाखतीत त्यांनी मला हरवलंच होतं. मत तेवढं माझ्याकडं आलं."

मी त्यांना लिहू नका म्हटलं आहे. विचारायचं तर मीच विचारायला हवं. तुम्ही ज्या वर्गाला अपमान म्हणालात, त्याच वर्गात, प्राचार्य म्हणून नव्हे तर तासांवर शिकवायला याल का? हे वाक्य लिहून मी उठले, अंगणात जाऊन आले, आणि परत वाचलं. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून तसंच ठेवते.

सुंदरा


सोलापूर
२ मार्च १९७७

तीर्थरूप अण्णांस,
शरणु.

सुखरूप पोचल्याचं कार्ड अव्वाच्या नावानं आलं. या वेळी तिनं पंचाक्षरीला बोलावलं नाही, मला वाचायला दिलं.

तुम्ही येणार हे तिला तुम्ही कळवलंत आणि मला नाही, म्हणून दारात तुम्हाला पाहून मी मुकाट पिशवी घेतली. चार दिवस आपण जेवताना निवडणुकीवर बोललो. बाहेर प्रचाराचे भोंगे चालले होते ते बरं, नाहीतर घरात किती गप्प होतं ते ऐकू आलं असतं. मग त्या सकाळी मी निघाले तर तुम्ही चपला घालून अंगणात उभे होता.

वर्गात मागं बसलात. मी शिकवताना दोनदा अडखळले, तुमच्या लक्षात आलं असेल. मग तुम्ही कल्लप्पाला कन्नडातून काही विचारलंत, त्यानं उत्तर दिलं, दुसऱ्यानं त्याला खोडलं, आणि माझा तास माझ्या हातून गेला. राजमणीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिनं मराठीतून विचारलं, "तुमी सगळे कशावर भांडताय ते आमाला पण सांगा की." तुम्ही तिच्याकडं वळलात आणि सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलंत. तिनं ते मान्य केलं नाही. तुम्ही फळ्याशी उभे राहून तिच्याशी वाद घालत होता, खडू तुमच्या बाहीला लागला होता. मागच्या बाकावर एकजण झोपला होता. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत आणि आवाज खाली आणलात.

घरी आल्यावर अव्वानं तुमची बाही पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं.

स्टेशनवर गदगवरून जाणारी तुमची गाडी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुंदरा, तुझं मत चुकलंच होतं. मी आजही तसंच म्हणतो. तुझ्या विभागाची खोली आता स्टोअररूम आहे, ते मी बघून आलो."

मी म्हटलं, "होय अण्णा."

मग गाडी हलली आणि तुम्ही खिडकीतून विचारलंत, "जूनला वर्ग कधी सुरू होतो?" मी काही सांगायच्या आत डबा पुढं गेला. मी तुमच्याबरोबर थोडी चाललेसुद्धा, पण त्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसतं.

म्हणून हे पत्र. कॉलेज उघडतं त्याच दिवशी, रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला की. विद्यापीठाची परवानगी आली, वेळापत्रक मी आज लावलं. पहिला तास कन्नडचा आहे.

आपली,
सुंदरा